अमेरिकेच्या डिफेन्समधले लाइनमन

"डिफेन्समध्ये लाइनमन होते म्हणे. अमेरिकेच्या."

"म्हणजे मिलिटरीत?"

"हो ना. मिलिटरीलाही वीज लागतेच की."

"अगं, पण मी बघितलंय त्यांना सायकलवर. तो माणूस खांबावर चढला तर खांब खाली येईल."

"आता नसतील चढत. आता रिटायर्ड. पेन्शन डॉलरमध्ये असेल, बघ."

मी फ्रिजच्या उघड्या दाराआड श्रीखंडाचे डबे लावत होते. आम्स्टरडॅमजवळच्या आल्मेरे गावातल्या त्या कम्युनिटी हॉलचा फ्रिज माणसापेक्षा उंच आहे आणि त्याच्या दाराआड माझ्यासारखी मुलगी सहज मावते. बोलणाऱ्या दोघी आमच्या मंडळातल्या ताया. एकीचे हात पुऱ्यांच्या पिठात होते, दुसरी काकडी चोचवत होती. त्या ज्यांच्याबद्दल बोलत होत्या ते माझे घरमालक. ते मिलिटरीत कधीच नव्हते आणि विजेशी त्यांचा संबंध टोस्टरपुरता. ते अमेरिकन फुटबॉल खेळायचे, प्रोफेशनल, डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून. फ्रिजचं दार लावून एवढं एक वाक्य बोलायला काहीच हरकत नव्हती. मी आणखी दोन डबे लावले.

माझं हे असंच आहे. ऑफिस आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या लिहून कळवायच्या. लिहून कळवायच्या, हे या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं कलम. शाळेत टीचर माझ्या रिपोर्ट कार्डावर 'शांत मुलगी' असं कौतुकाने लिहायच्या. इथे तीच गोष्ट दर वर्षी सुधारणेच्या रकान्यात येते.

मराठीत तर मी आणखीच गप्प. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, पण घरातल्या मराठीला 'दार लाव' आणि 'आणखी भात घेतेस का' याच्या फार पुढे जावं लागत नाही. आकडे मी अजून इंग्रजीत मोजते. एकोणतीसपर्यंत ठीक आहे. त्यापुढचे सगळे 'एकोण' माझ्यासमोर एकाच घरातल्या भावांसारखे उभे राहतात. ओळखीचे वाटतात, पण कोण थोरला आणि कोण धाकटा ते सांगता येत नाही. तरी मी मंडळात जाते, कारण आईने पुण्यात बसून आल्मेरेचं मंडळ शोधून काढलं, त्यांना फोन केला आणि माझं नाव घातलं. माझ्या आईला नेदरलँड्समधले माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात.

घरमालकांच्या घरात मी वरच्या मजल्यावर राहते. आम्स्टरडॅममध्ये त्याच भाड्यात कपाट मिळालं असतं. इथले जिने शिडीसारखे उभे असतात, आणि घरमालक शिडी उतरावी तसेच, पायऱ्यांकडे तोंड करून, उलटे उतरतात. रोज सकाळी आधी त्यांची पाठ दिसते. पाठीला दोन्ही बाजूंच्या भिंती लागतात. ते उतरत असताना घरातलं दुसरं कोणी जिन्याकडे फिरकत नाही, रेल्वे फाटक बंद असल्यासारखे सगळे थांबतात. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी फार पूर्वी मोडून बाहेरच्या बाजूला वळली आहे. त्यामुळे त्यांनी हात करून रस्ता दाखवला की दोन रस्ते दिसतात.

त्यांची कारकीर्द मला स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्याने कळली. मी फोडणी करत असताना ते कॉफी घेऊन बसायचे आणि सांगायचे. मी मध्ये बोलत नाही, हे त्यांना आवडत असावं. एका संध्याकाळी त्यांनी माझा मिसळणाचा डबा ओढून घेतला आणि त्यातल्या वाट्या टेबलावर मांडल्या.

"ही मोहरी म्हणजे मी," ते म्हणाले. "बॉल बरोबर माझ्या नाकासमोर, जमिनीवर. माझ्या जागेचं नावच 'नोज टॅकल'. पलीकडून हे जिरं आणि हे हिंग, दोघं मिळून मला ढकलणार. मला बाजूला सारलं की भोक पडतं आणि त्यांचा बॉलवाला त्यातून पळतो."

"आणि तुम्ही?"

"मी हलायचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. दोघं माझ्यात अडकले म्हणजे माझ्या मागे ही हळद मोकळी. हळद धावत येते, बॉलवाल्याला आडवं करते, लोक हळदीच्या नावाने ओरडतात. मी तोवर जिऱ्याच्या खाली."

हळद त्यांच्या उत्साहात सांडली आणि तो डाग पुढे टेबलावरून गेला नाही. पण मला खेळ समजला. मी विचारलं की मग तुम्ही चांगलं खेळलात हे कसं कळायचं. ते जरा विचार करून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी कोच फिल्म बघायचा. त्याने माझ्याजवळ फिल्म थांबवली नाही, की चांगलं खेळलो."

लहान गावातून, मोठ्या हाडापेरामुळे, त्यांना शाळेतल्या कोचने लायनीत नेऊन उभं केलं होतं. त्यांना पळायला आवडायचं, पण कोणी विचारलं नाही. कॉलेजातही तेच. मग एका प्रोफेशनल संघाने घेतलं आणि उन्हाळा संपायच्या आत काढून टाकलं. दुसऱ्याने सरावाच्या संघात ठेवलं. त्याचा अर्थ असा की आठवडाभर पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची. त्यांचा लाइनमन जसा उभा राहतो तसं उभं राहायचं, म्हणजे आपल्या संघाला त्याला कसं पाडायचं याची सवय होते. "एक अख्खं वर्ष मी दर आठवड्याला दुसराच कोणी होतो," ते म्हणाले. "आणि रविवारी घरचे कपडे घालून बाहेर बसायचो."

त्यानंतर मात्र काही सीझन ते खरोखर खेळले, मोठ्या मैदानांवर, भरलेल्या स्टेडियममध्ये. त्यांच्यामागचा तो मोकळा सुटणारा खेळाडू खूप प्रसिद्ध झाला. त्याने एकदा सगळ्या लाइनमनना जेवायला नेलं आणि तिथे सह्या मागणाऱ्यांनी घरमालकांच्या हातात कॅमेरा देऊन त्यांच्याकडून फोटो काढून घेतले. अख्ख्या कारकिर्दीत बॉल त्यांच्या वाट्याला एकदा आला. कोणाच्या तरी हातून सुटला, घरंगळत आला, ते त्याच्यावर पडले आणि त्यांच्यावर बाकीचे सगळे पडले. बॉल मिळाला, गुडघा गेला. पुढे युरोपातल्या एका लीगमध्ये खेळायला ते आम्स्टरडॅमला आले. ती लीग बंद पडली, पण गुडघ्यावर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट होती, तिच्याशी लग्न झालं. आता ते एका शाळेत केअरटेकर आहेत. तिथल्या मुलांना वाटतं की त्यांना दार अडवण्यासाठीच ठेवलंय.

त्यांना एक मुलगी आहे, चौदा वर्षांची. ते तिच्याशी इंग्रजीत बोलतात, ती उत्तर डचमध्ये देते. आमच्या मंडळातल्या आईबापांची मुलांबद्दल अगदी हीच तक्रार असते, आणि मी एकदा हे घरमालकांना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

या मुलीला वर्गात आई किंवा वडिलांच्या कामावर बोलायचं होतं. तिने वडील निवडले. मग पुरावा म्हणून इंटरनेटवर जुन्या मॅचच्या फिल्म्स शोधल्या. मी त्या वेळी डाळ गरम करत होते. तिने फोन टेबलावर ठेवला. बॉलवाला पळतोय, कॅमेरा त्याच्या मागे पळतोय, लोक ओरडतायत.

"मग यात तू कुठे आहेस?" तिने विचारलं.

घरमालकांनी चष्मा लावला, फिल्म मागे नेली, पुन्हा मागे नेली. मग वाकड्या करंगळीनेच दाखवलं. "तो ढीग दिसतो? त्याच्या खालून बूट आलाय बघ बाहेर. डावा. तो बूट माझा आहे."

तिने दोन बोटांनी बूट मोठा करून बघितला. मग म्हणाली, "ओके."

डच मुलीचा 'ओके' किती सपाट असू शकतो हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. अख्खा देशच सपाट आहे. दोन दिवसांनी कळलं की तिने वर्गात तो बूट दाखवला होता, मुलं हसली होती, आणि एकाने विचारलं होतं की तुझा बाबा बुटांच्या दुकानात होता का. तिने विषय बदलून घेतला. आईची फिजिओथेरपी. घरमालक म्हणाले, "चांगली निवड आहे. त्यात फोटो असतात." आणि कॉफी न घेताच वर गेले. जिन्याकडे वळताना मात्र चेहरा दिसला.

तेव्हापासून ती त्यांनी काहीही सांगितलं की आईकडे बघायची, खरं आहे का असं. दुकानात पाव संपला होता असं जरी ते म्हणाले तरी.

याच सुमारास मंडळाच्या अध्यक्षांना माझ्याकडून, म्हणजे माझ्या आईकडून, कळलं की मी एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या घरी राहते. अध्यक्ष बँकेत डेटाचं काम करतात, जिमला जातात आणि ते दिसावं असे टी-शर्ट घालतात. मंडळाचा क्रीडादिन जवळ आला होता. त्यात मुलांचा फुटबॉल होता, लिंबू-चमचा होता, बक्षीस समारंभ होता. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. आता ते मिळाले. आणि पाहुण्यांचा परिचय मी करून द्यायचा, असं ठरलं. "तू त्यांच्या घरातलीच," अध्यक्ष म्हणाले, आणि मी नाही म्हणायला योग्य शब्द शोधेपर्यंत फोन ठेवून दिला.

घरमालकांना निमंत्रण सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग त्यांनी विचारलं की परिचय म्हणजे काय असतं. मी सांगितलं की आमच्याकडे पाहुणा बोलायच्या आधी दुसरं कोणी तरी उभं राहून तो कोण आहे हे सगळ्यांना सांगतं.

"त्याच्यासमोरच?"

"हो."

"आणि त्याने गप्प बसायचं?"

"हो. जरा लाजल्यासारखं करायचं."

त्यांना ही पद्धत फार पसंत पडली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात आले. दार त्यांनी पूर्ण भरून टाकलं, त्यामुळे खोलीत अंधार झाला. म्हणाले, "तिला मी घेऊन येणार आहे. बटाटेवडे आहेत म्हणून ती येते आहे. तू माझं काम काय होतं ते सांग. मोठं करून नको. मी सांगितलं की ती गोष्ट होते. तू सांगितलंस की माहिती होते. तू टेस्टर आहेस."

मी हो म्हटलं. तिला कळावं म्हणून परिचय झाल्यावर तेच इंग्रजीतही म्हणायचं, असं आमचं ठरलं.

मग मी मला सगळ्यात चांगलं जमतं ते केलं. लिहिलं. इंग्रजीत, नेटका मजकूर: प्रोफेशनल डिफेन्सिव्ह लाइनमन, नोज टॅकल, नंबर ७९, आणि खाली दोघांनी ढकलण्याचं आणि न हलण्याचं ते सगळं. तो आमच्या चिटणीसांना पाठवला. ते मराठी करून देणार होते, कारण मंडळाचा कार्यक्रम मराठीतच व्हावा असा ठराव आहे आणि माझं मराठी त्यांनी ऐकलेलं आहे. चिटणीस कामाचे माणूस आहेत. त्यांनी मजकुरावरून ग्रुपवर एक छोटीशी घोषणा टाकली, जिच्यातून डिफेन्समधले लाइनमन ही बातमी ताया-ताया करत फ्रिजपर्यंत पोहोचली. आणि त्यांनी स्वतः अभ्यासही केला.

"मी बघितलं हं," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "हातात घेऊन पळतात, त्याला फुटबॉल का म्हणतात ते देवाला ठाऊक. पण त्यांच्यातही गोल असतो. फील्ड गोल. म्हणजे तुझे एकोणऐंशी बरोबर बसतात."

मी फोन ठेवल्यावर आकडा लिहून काढला, मग मला कळलं. लगेच ग्रुपवर लिहिलं: सेव्हन्टी-नाइन हा जर्सी नंबर आहे, गोल नाहीत, लाइनमन गोल करत नाही. चिटणीसांनी अंगठा दिला. त्या अंगठ्यावर मी विसंबले. त्याच्याखाली थोड्याच वेळात पार्किंग कुठे करायचं, वडे आधी तळायचे की तिथे, आणि कोणाची तरी छत्री, असे इतके मेसेज आले की माझा मेसेज त्या ढिगाखाली गेला.

क्रीडादिनाच्या दिवशी सभागृहात माइक तपासताना अध्यक्षांनी मला कागद दिला. छान टाइप केलेला, मोठ्या अक्षरांत. चौथ्या ओळीत '७९ गोल' तसेच होते. त्याच्या आधीच्या ओळीत असं होतं की ज्यांच्या नुसत्या नावाने प्रतिस्पर्धी गोलरक्षकांची झोप उडत असे. त्याआधी 'संरक्षण फळीतील लाइनमन' होतं, तेवढं चिटणीसांनी खरंच बरोबर केलं होतं. माइक चालू होता, समोर खुर्च्या मांडणारे लोक होते. मी अध्यक्षांच्या जवळ जाऊन म्हटलं, "दादा, हे एकोणसत्तर... नाही, एकोण... हे जे आहे ना, ते गोल—"

"एकोणऐंशी, अगं," ते प्रेमाने म्हणाले. "इंग्लिश मीडियम ना? आमच्या घरी पण तेच. धाकटी परवा चौसष्टला सिक्स्टी-फोर का म्हणत नाहीत म्हणून रडली. दे इकडे, मीच वाचतो."

"तसं नाही दादा—"

"टेन्शन घेऊ नकोस. तू पाहुण्यांच्या फॅमिलीजवळ बस आणि त्यांना काय चाललंय ते सांगत राहा. तेही कोणीतरी करायलाच हवं."

खरं सांगायचं तर कागद हातातून गेला तेव्हा माझे खांदे खाली आले. आपलं काम दुसऱ्याने हिसकावून घेण्यासारखं सुख नाही.

समारंभ सुरू झाला. घरमालक कोट घालून आले होते. मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे त्यांनी एक नजर टाकली आणि उभंच राहणं पसंत केलं. लोकांना ती नम्रता वाटली. फेटा बांधणाऱ्या इंजिनियरने पाचव्या वेढ्याला कापड संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा शेमला न काढता टोक आत खोचून दिलं. शाल त्यांच्या एका खांद्यापुरतीच आली, धोब्याने ठेवलेल्या टॉवेलसारखी. नारळ त्यांच्या हातात लिंबाएवढा दिसत होता. एका आजींनी, ज्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, माझ्या कानाशी वाकून विचारलं, "कार्यक्रम झाल्यावर हे जरा आमच्या ओव्हनचं कनेक्शन बघतील का गं?"

मुलगी माझ्या शेजारी बसली होती, वडा संपवून. तिने फोन काढला आणि फिल्म घ्यायला सुरुवात केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरमालकांनी ते पाहिलं आणि ताठ झाले. फेट्यामुळे ते छताच्या दिव्यापर्यंत पोहोचले.

अध्यक्षांचं वाचन चांगलं आहे. शाळेत वक्तृत्वाला बक्षिसं मिळाली असणार. गोलरक्षकांची झोप उडाली. मग त्यांनी एक क्षण थांबून, बोट वर करून म्हटलं, "एकोणऐंशी गोल." टाळ्या झाल्या. घरमालकांना वाटलं की हलायचं नाही हा भाग आला. ते मी शिकवलेलं, जरा लाजल्यासारखं करू लागले.

'गोल' हा शब्द कोणाला भाषांतर करून सांगावा लागत नाही. मुलीने फोन तसाच धरून मला डचमध्ये विचारलं, "गोल? कसले गोल?"

माझं काम सांगत राहण्याचं होतं. मी सांगितलं. "ते म्हणतात की तुझ्या बाबांनी एकोणऐंशी गोल केले." डचमध्ये आधी नऊ आणि मग सत्तर म्हणतात, म्हणजे मराठीपेक्षा सोपं, मी चुकले नाही.

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिने फोन खाली घेतला, फिल्म बंद केली आणि तो जॅकेटच्या खिशात टाकून चेन लावली. "त्यानेच सांगितलं असणार," ती म्हणाली. आवाज तोच, बुटाच्या वेळचा.

"त्यांनी नाही सांगितलं," मी म्हटलं.

"मग कोणी?"

हे नीट सांगायचं तर चिटणीस, फील्ड गोल, अंगठा आणि छत्री एवढं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढं डच मला येत नाही. ती आता दाराकडे बघत होती. व्यासपीठावर घरमालकांना फोन खिशात गेलेला दिसला होता. त्यांना मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलं हे कळलं होतं, आणि नारळ हातात धरून ते माझ्याकडे बघत होते. आता इंग्रजीत तेच म्हणायला कोणी उठतंय का, असं.

"कोणाला पाहुण्यांना काही विचारायचं असेल तर," अध्यक्ष म्हणाले. आपल्याकडे हे वाक्य प्रश्नांसाठी नसतं, ते फोटोच्या आधी म्हणायचं असतं. फोटोवाला म्हणाला की पाहुण्यांना जरा मागे घ्या, फेटा कापला जातोय. अध्यक्षांनी त्यांच्या छातीला हात लावून, जिममधल्या त्या हाताने, त्यांना मागे सारायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. घरमालक आपले माझ्याकडे बघत होते. कोणी आपल्याला ढकलतंय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. अध्यक्षांनी हसत दुसरा हात लावला, मग तेच एक पाऊल मागे गेले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "तू असं कर, तूच मागे जा."

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकून वाजली. ती वाजली नसती तर मी कदाचित पुन्हा बसले असते.

"दादा, ते गोल नाहीत," मी म्हटलं.

"काय?" अध्यक्ष म्हणाले.

"मोठ्याने बोल गं, मागे ऐकू येत नाही," पुऱ्यांवाल्या ताई म्हणाल्या.

"तो त्यांचा नंबर आहे. पाठीवरचा. त्यांनी बॉलला... म्हणजे त्यांचं काम बॉलचं नव्हतंच. ते लायनीत असायचे, आणि..." पुढचं सगळं माझ्याजवळ इंग्रजीत तयार होतं, दोन परिच्छेद, नेटके. मराठीत त्यातला एकही शब्द वर येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. चिटणीस फोन काढून जुना मेसेज शोधू लागले होते. अध्यक्ष समजूतदारपणे मान हलवत होते, आकडे न येणाऱ्या मुलीसमोर हलवतात तशी. मुलगी उठून अर्ध्या रांगेतून बाहेर पडली होती, आणि आजी तिला वाट द्यायला गुडघे बाजूला घेत होत्या.

"बस गं, आपण नंतर बोलू," अध्यक्ष म्हणाले.

"नंतर नको," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला अनोळखी वाटण्याइतका मोठा होता. मुलगी थांबली. "दादा, चिटणीसांनाही वर बोलवा आणि दोघं मिळून यांना त्या जागेवरून एक पाऊल मागे ढकलून दाखवा."